आटे साफ करायचे, तासायचे नाहीत

मृगाच्या पेरणीआधी नांदेड-लातूरच्या गॅरेजांत ट्रॅक्टरची कामे तुंबतात. हेड उतरते, नवे गॅस्केट येते, टॉर्क रेंचने बोल्ट आवळले जातात. तरीही काही इंजिने थोड्याच दिवसांत पाणी गाळू लागतात. दोष गॅस्केटला दिला जातो. पण ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत, म्हणजे आट्यांत, कोणी बॅटरी मारून पाहिलेले असते का?

टॉर्क रेंच बोल्टची पकड मोजत नाही, फक्त फिरवायला लागणारा जोर मोजते. साधारणपणे त्या जोरातला निम्मा वाटा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि हेड दाबून धरायला उरतात जेमतेम १० टक्के. आट्यांत गंज, काजळी किंवा जुने सीलंट असेल आणि तिथले घर्षण दुप्पट झाले, तर रेंच तोच आकडा दाखवते, पण पकड सुमारे ३० टक्क्यांनी घटते. एक भोक स्वच्छ आणि शेजारचे घाण असेल, तर हेड सगळीकडे सारखे बसत नाही. ज्वलनाचा दाब नेमकी ढिली जागा शोधतो.

अशा वेळी हात सहज टॅपकडे जातो, आणि इथेच घोटाळा होतो. टॅप हे कापणारे हत्यार आहे. त्याची धार नवे आटे पाडण्यासाठी असते. जुन्या आट्यांतून तो फिरवला की घाणीबरोबर थोडा धातूही निघू शकतो, आणि तो धातूच बोल्टला धरून ठेवतो. थ्रेड चेसर वेगळा. तो घाण बाहेर काढतो आणि किंचित दबलेला आटा जागेवर आणतो, कापण्याचा उद्देश नसतो. चेसर नसेल तर त्याच मापाचा जुना, सरळ बोल्ट घेऊन त्यावर लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा करवतीने पाडाव्यात आणि कडा कानशीने मोडाव्यात. घाण खाचांत जमते.

माप मात्र अचूक हवे. १० मिलिमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.५ मिलिमीटर असू शकतो, १.२५ही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा ६०. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकी जाड आट्यांच्या बोल्टला १३. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, आट्यांना कळतो. म्हणून पिच गेज लावल्याशिवाय हत्यार आत घालू नये.

साफसफाईचा क्रम सोपा आहे. सिलिंडर आधी कापडाने झाकावेत. भोकात डिझेल किंवा केरोसिन सोडून घाण भिजू द्यावी, ब्रश फिरवावा, मग चेसर फक्त हाताने चालवावा. अडला तर जोर न लावता मागे घेऊन पुसावा. शेवटी चष्मा लावून कॉम्प्रेसरच्या हवेने भोक कोरडे करावे. भोक खालून बंद असेल तर हे फार महत्त्वाचे, कारण आत साचलेले तेल-पाणी दबत नाही. वरून बोल्ट आवळला की तो दाब सगळा बिडाच्या भिंतीवर येतो. बीड ठिसूळ असते, त्यामुळे ब्लॉकच फुटू शकतो.

टॅपची गरज खऱ्या अर्थाने तेव्हा, जेव्हा आटे वाकलेले किंवा चेमटलेले असतात. तोही तेल लावून, सरळ धरून, थोडा पुढे थोडा मागे असा. आत तुटलेला टॅप काढणे कठीण, कारण तो ब्लॉकपेक्षा कितीतरी कडक असतो. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवणे हा योग्य उपाय.

काम झाले का, हे बोटांनी तपासावे. बोल्ट पान्याशिवाय तळापर्यंत सहज उतरला पाहिजे. आयटीआयच्या वर्गात टॅप मारायला शिकवतातच. तो केव्हा मारू नये, हेही तितक्याच ठामपणे शिकवले पाहिजे, कारण निघून गेलेला धातू ब्लॉकमध्ये परत भरता येत नाही.