२१५ चौरस सेंटिमीटर

गाल, जीभ, टाळू, हिरड्या आणि दात धरून माणसाच्या तोंडाचा आतला सगळा पृष्ठभाग सपाट अंथरला, तर तो साधारण २१५ चौरस सेंटिमीटर भरतो. शाळेच्या वहीचं एक पान याहून मोठं असतं. एवढ्याशा जागेत, ओठ धरून, २०२२ साली भारतात १,४३,७५९ नवे कॅन्सर झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्या वर्षी जगात असे सुमारे ३ लाख ९० हजार रुग्ण होते. म्हणजे तिघांत एकाहून जास्त आपल्याकडचे. मृत्यू ऐंशी हजारांच्या घरात. दर साडेसहा मिनिटांना एक.

एवढे रुग्ण येतात कुठून, याचं उत्तर खिशातल्या पुडीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशात जवळपास २० कोटी प्रौढ माणसं तंबाखू चघळतात, दाढेखाली धरतात किंवा हिरड्यांना लावतात. महाराष्ट्रात हे प्रमाण २४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दर चौथा प्रौढ. चुना लावून मळलेला बार, विदर्भातला खर्रा, मावा, बायकांची मिश्री हे सगळं त्यात आलं. दिवसातून दहा वेळा, दर वेळी दहा मिनिटं बार धरला, तर वर्षाकाठी सहाशे तास होतात. पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री, सलग. तेही बहुतेक वेळा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या त्याच एका कोपऱ्यात.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो आकडा अगदी लहान आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, की कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी कुणी तपासलं आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. पोटातला कॅन्सर बघायला यंत्र लागतं. इथे बॅटरी पुरते. आणि तरीही शंभरांतल्या नव्व्याण्णवांच्या तोंडात कुणी डोकावलेलंच नाही.

हे काम अवाढव्य आहे म्हणून राहिलं, असं म्हणावं तर हिशोब करून पाहा. देशात आशाताईंची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. वीस कोटी तोंडं त्यांच्यात वाटली तर एकीच्या वाट्याला येतात दोनशे. एका तोंडाला तीन मिनिटं धरली तर दहा तास. घरोघरची पायपीट, नोंदी, प्रशिक्षण हे सगळं वेगळं धरावं लागेल, आणि सरकारी कार्यक्रमात ही तपासणी प्रत्यक्षात नर्सताई आणि आरोग्य अधिकारी करतात. तरीही काम आवाक्यातलं आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ते करूनही दाखवलं गेलं. जवळपास १ लाख ९२ हजार लोकांच्या त्या अभ्यासात निम्म्यांची तोंडं प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तपासली. हे डॉक्टर नव्हते. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू पंधरा वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले.

बघायचं काय? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. लाल, मखमली चट्टा; तो दुखत नाही, पण पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घातक असतो. गाठ, विनाकारण हलू लागलेला दात. सुपारीने अस्तर आक्रसून तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील तर ते लक्षण आहे. आणि दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम. गालाच्या अस्तरातल्या पेशी साधारण तेवढ्याच काळात नव्या होतात, त्यामुळे साधी जखम एरवी तोवर भरून येते. कॅन्सर दोन सेंटिमीटरच्या आत, पसरण्याआधी सापडला तर दहांतले साधारण आठ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. आपल्याकडे बहुतेक जण त्यानंतर येतात, दुखायला लागल्यावर.

तंबाखू सोडवण्याचा हिशोबही असाच आहे. डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं स्पष्टपणे ‘सोडा’ म्हटलं, तर धूम्रपान करणाऱ्या शंभरांतले एक ते तीन जण अधिक सोडतात. हे प्रमाण किरकोळ वाटेल. पण त्याच २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीनुसार देशात असे सुमारे दहा कोटी लोक आहेत, आणि त्यांचा एक टक्का म्हणजे दहा लाख माणसं. बहुतेक चघळणाऱ्यांना तर हे ऐकायलाही मिळत नाही: दवाखान्यात गेलेल्यांपैकी ३१.७ टक्क्यांनाच असा सल्ला मिळाला होता, आणि सोडायचा विचार करणारे होते जवळपास निम्मे.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ येते तेव्हा काही मिनिटं तग धरावा लागतो. घरात कुणी बार भरत असेल, मिश्री लावत असेल, तर आज त्यांना उजेडात बसवा आणि बॅटरी लावून तोंड बघा. शंका आली तर दंतवैद्याकडे न्या, दुखण्याची वाट पाहू नका. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा विनामूल्य क्रमांक आहे १८००-११-२३५६.