घरकामगाराचा शेवटचा हिशेब : मेहरबानी नव्हे, हक्क!

शिक्षणाच्या बळावर आपल्या समाजातील एक पिढी आज कुवेत, दोहा, रियाध, सिंगापूरपर्यंत पोहोचली आहे. ज्यांच्या आया दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करीत होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या घरी आज कामाला बाई आहे. ही प्रगतीच आहे. परंतु या प्रगतीची खरी कसोटी लागते ती मायदेशी परतण्याच्या वेळी. नोकरी संपते, सामान बांधले जाते, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात. ज्या बाईने सहा-आठ वर्षे ती मुले सांभाळली, तिच्या हातावर काय पडते? विमानाचे तिकीट, वापरलेले कपडे आणि 'काही लागले तर फोन कर' एवढे आश्वासन!

आखाती देशांत घरकामगाराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. या पद्धतीला कफाला म्हणतात. त्यामुळे मालकाने देश सोडला की तिची नोकरी जाते, डोक्यावरचे छप्पर जाते आणि त्या देशात राहण्याचा आधारही जातो. तिच्या नावावर ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. दरमहा मिळालेला पगार गावी मुलांच्या शिक्षणात आणि सावकाराच्या व्याजात गेलेला असतो. शेवटच्या दिवशी मिळणारी रक्कम हीच काय ती तिची शिल्लक.

याबाबत कायदे नाहीत असे नाही. कुवेतच्या 2015 च्या 68 क्रमांकाच्या कायद्याने घरकामगाराला सेवा संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार ठरवून दिला. कतारच्या 2017 च्या 15 क्रमांकाच्या कायद्यात दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा पगार आहे. सौदी अरेबियात मात्र चार वर्षे सलग सेवा झाल्यावर एक महिन्याचा पगार मिळतो. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांच्या सेवेनंतर मालकाला कामाची गरज उरली नाही म्हणून नोकरी गेली, तर दर वर्षामागे दोनतृतीयांश महिन्याचा पगार द्यावा लागतो. सिंगापूरने तर घरकामगारांना रोजगार कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवले आहे.

आता हिशेब करा. चार वर्षे तेच काम, तोच घाम. कुवेतमध्ये चार महिन्यांचा पगार, कतारमध्ये बारा आठवड्यांचा, सौदीत एक महिन्याचा आणि सिंगापुरात कायद्याने काहीच नाही! सीमारेषा ओलांडली म्हणून श्रमाची किंमत बदलते काय?

जेथे कायदा आहे तेथेही पळवाटा काढल्या जातात. दर दोन वर्षांनी नवा करार करून मागची सेवा पुसली जाते. तिला वाचता न येणाऱ्या भाषेतील कागदावर 'सर्व येणे मिळाले' म्हणून सही घेतली जाते. तिकिटाचा खर्च याच रकमेतून कापला जातो. विमान दुसऱ्या दिवशी असते. ती दाद मागणार कोणाकडे आणि कधी?

हा प्रकार आपल्याला परका नाही. वतनदार महाराच्या कामाला वेळ नव्हती, मोबदल्याला माप नव्हते आणि बलुते गावाच्या मर्जीवर मिळत होते. 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही मर्जी संपवून कामाचा निश्चित मोबदला मिळावा म्हणून. मर्जीवर मिळणाऱ्या भाकरीची चव ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी चाखली, त्यांनी दुसऱ्याला मर्जीवर ठेवावे काय?

भारत सरकारही या बाबतीत उदासीनच राहिले. घरकामगारांच्या हक्कांचा 189 क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये मंजूर केला. भारताने बाजूने मत दिले, पण अनुमोदन दिलेले नाही. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कारखान्यांतील आणि आस्थापनांतील कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार दिला, परंतु घरात राबणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. स्वतः नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीचा पैसा अन् पैसा मोजून घेणारे आपले लोक, तिच्या वेळी मात्र कायद्यात नाही म्हणून हात वर करतात!

तेव्हा परदेशात राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी एक साधा नियम पाळावा. कायदा कमी देत असेल तरीही सेवेच्या दर वर्षामागे एक महिन्याचा पूर्ण पगार द्यावा आणि सेवा पहिल्या दिवसापासून मोजावी. पगार 100 दिनार आणि सेवा आठ वर्षांची असेल, तर 800 दिनार. महिनाभर आधी सूचना द्यावी. न घेतलेल्या रजेचा पगार आणि तिकीट वेगळे द्यावे. रक्कम तिच्या बँक खात्यात, ती निघण्याच्या निदान आठवडाभर आधी जमा करावी आणि हिशेबाचा कागद तिच्या भाषेत द्यावा. हा बोजा वाटत असेल तर पहिल्या महिन्यापासून तिच्या पगाराचा बारावा हिस्सा बाजूला ठेवावा, म्हणजे शेवटी जड जाणार नाही.

ही रक्कम म्हणजे तिच्या घामाचा थकलेला हिस्सा आहे. तो चुकता केल्याशिवाय सामान बांधू नये.