शुगर, मूळ पेशी आणि एका संशोधकाची वाट

श्रोतेहो, ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली, की आपल्या बीड जिल्ह्यात आधी तब्येतीची चौकशी होते. आता त्यात ‘शुगर’ हमखास असते. पाठोपाठ प्रश्न येतो, “स्टेम सेलनं शुगर बरी होते म्हणे, खरं का?” याचं उत्तर आनंदवर्धन हार्डीकर या मराठी संशोधकाच्या वाटचालीतून नीट कळतं.

मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, ही अजून विशिष्ट काम न ठरलेली पेशी. तिच्यापासून निरनिराळ्या पेशी घडतात. प्रयोगशाळेत तिच्यापासून अवयवाचा बारीक नमुना वाढवला, की त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. मधुमेहात महत्त्वाची असतात ती स्वादुपिंडातली पेशींची ‘बेटं’. इन्सुलिन तिथंच तयार होतं.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्याबरोबर हार्डीकरांनी याच बेटांवर काम केलं. पुढं ते अमेरिकेत गेले. माणसाची इन्सुलिन बनवणारी पेशी रूप पालटून मूळ पेशीसारखी वाढू शकते, असं तिथल्या चमूनं २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. मोठी आशा निर्माण झाली. इतरांनी उंदरांच्या पेशींवर पडताळलं, तेव्हा मात्र तसं आढळलं नाही. विज्ञान असंच चालतं. आपलं म्हणणं दुसऱ्यांच्या कसोटीला लावावं लागतं.

हार्डीकर पुण्याला परतले, नंतर ऑस्ट्रेलियात गेले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आदींबरोबरचं त्यांचं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पुरेसं खायला दिलं, तरी मधुमेहाकडचा कल गेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्यानं गरोदर बाईच्या ताटाकडे लक्ष द्यायला एवढं कारण पुरे.

२०२५ मध्ये मूळ पेशींपासून केलेली बेटं बारा रुग्णांना दिल्याची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षानंतर दहा जणांना इन्सुलिन लागत नव्हतं. पण ते सगळे टाइप १ चे रुग्ण होते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागत होती. आपल्याकडं बहुतेकांना असतो तो टाइप २.

म्हणून कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन शुगर घालवतो म्हणाला, तर शेत विकण्याआधी दोन गोष्टी विचारा. ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? आणि चाचणीच असेल, तर पैसे कशाचे?