न सापडलेले हरीण

परीक्षित राजाची कथा आपल्याकडे सर्पाची कथा म्हणून सांगितली जाते. शमीक ऋषींच्या खांद्यावर टाकलेला मृत सर्प, शृंगीचा शाप, सात दिवसांची मुदत आणि फळातील कृमीच्या रूपाने आलेला तक्षक, एवढा भाग लहान विद्यार्थ्यांच्याही ध्यानात राहतो. परंतु महाभारताच्या आदिपर्वात ही कथा जेथे आरंभ पावते तेथे सर्प नाही; तेथे एक हरीण आहे. राजाने ते बाणाने विद्ध केले आणि ते रानात नाहीसे झाले. त्याच्या हातून घायाळ झालेला मृग जिवंत निसटला, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते, हे महाभारतकार आवर्जून नोंदवितात. पुढचा सारा अनर्थ या एका न सापडलेल्या हरिणापासून निघतो.

या हरिणाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही, असे आम्हांस वाटते. ते का महत्त्वाचे आहे हे कळण्यासाठी शिकारीच्या व्यवहारातील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्याच्या पुढील सुधारणांनी हरिणाची शिकार हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झाले. तथापि युरोपात व उत्तर अमेरिकेत ती आजही परवान्याने व नियमांनी चालते. तेथील शिकाऱ्यास सर्वांत अधिक छळणारा प्रसंग नेम चुकण्याचा नव्हे. नेम पुरता चुकला तर हरीण सुखरूप जाते. नेम अर्धवट लागणे आणि जखमी जनावर हाती न येणे, हा तो प्रसंग होय.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली दिसते. 'मृग' हा शब्द ज्या धातूशी जोडला जातो त्याचा अर्थ 'शोधणे' असा आहे. मृगया म्हणजे केवळ वध नव्हे, शोध. 'मार्ग' हा शब्दही त्याच कुळातला. जनावराचा माग तोच मूळचा मार्ग. संस्कृतात 'मार्गण' म्हणजे शोध, मार्गण म्हणजे याचक आणि मार्गण म्हणजे बाणही. मराठीतील 'माग काढणे' आणि 'मागणे' हे दोन्ही प्रयोग याच घराण्यातून आले आहेत. बाण सोडणारा हा अशा रीतीने प्रथमपासूनच शोधणारा व मागणारा ठरतो. बाण सुटला म्हणजे काम संपले असे नव्हे; खरे काम तेथून पुढे सुरू होते.

ते काम कसे चालते हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. गोळी वा बाण लागताच हरीण बहुधा जागीच कोसळत नाही. ते उसळी घेऊन धावत सुटते. जाणता शिकारी त्याच्या पाठोपाठ धावत नाही. ते कोठे उभे होते, कोणत्या झाडाआड दिसेनासे झाले, हे तो मनात पक्के करतो आणि थांबतो. मग त्या जागी जाऊन खुणा वाचतो. फेसाळ, तांबडेलाल रक्त असेल तर फुप्फुसास जखम झाली. जनावर जवळच पडलेले असण्याचा संभव अधिक. रक्त काळसर असेल तर यकृतास. रक्त थोडे आणि त्यात अर्धवट पचलेला चारा व दुर्गंधी असेल, तर घाव पोटात बसला आहे, आणि ही सर्वांत वाईट खूण. फुप्फुसाच्या घावास अर्धा तास थांबणे पुरते, यकृताच्या घावास कित्येक तास, आणि पोटाच्या घावास सहा ते बारा तास किंवा सारी रात्रही थांबावे, असा अनुभवी लोकांचा सर्वसाधारण दंडक आहे. कारण पोटात घाव बसलेले हरीण, त्यास कोणी उठविले नाही, तर थोड्या अंतरावर जाऊन बसते आणि तेथेच प्राण सोडते. घाईने पाठलाग केला की तेच हरीण वेदनेसह पुन्हा उठते, कोसभर जाते, आणि मग रक्ताचा मागही तुटतो.

म्हणजे येथे दयाच थांबावयास सांगते, आणि थांबणे हेच अत्यंत कठीण असते. आपण ज्यास दुखविले तो प्राणी अंधारात तडफडत आहे हे ठाऊक असता स्वस्थ बसावयाचे. शिवाय पाऊस आला तर माग धुऊन जाईल, उष्मा असेल तर मांस नासेल, लांडगे किंवा कायोटी आधी पोहोचतील, ही काळजी आहेच. या दोन टोकांमध्ये ज्याचे चित्त ठिकाणावर राहते त्यालाच हरीण सापडण्याची आशा असते. शिकारीतील धैर्य ते हेच, बंदूक उचलण्याचे नव्हे.

जर्मन लोकांनी या शोधाची एक स्वतंत्र विद्याच बनविली आहे. जखमी जनावराच्या शोधास त्यांच्या भाषेत 'नाखझूखं', म्हणजे 'मागाहूनचा शोध', असा शब्द आहे. हरिणाच्या रक्तास तेथील शिकारी रक्त म्हणत नाहीत. 'श्वाइस' म्हणतात, ज्याचा साधा अर्थ घाम. हा माग काढण्यासाठी हानोव्हरचा आणि बव्हेरियाच्या डोंगराळ मुलखातला अशा कुत्र्यांच्या दोन खास जाती त्यांनी जोपासल्या. पहिल्या जातीसाठी 'हिर्शमान' ही संस्था १८९४ साली निघाली, दुसरीसाठी १९१२ साली. लांब दोरीला बांधलेला हा कुत्रा कित्येक तासांपूर्वीच्या, प्रसंगी आदल्या दिवशीच्या मागावरून शांतपणे चालतो. तो नुसत्या रक्ताच्या वासावर विसंबत नाही. खुरांच्या बेचक्यातील ग्रंथींतून जमिनीवर उतरणारा त्या एकाच हरिणाचा वास तो इतर हरिणांच्या वासांतून वेगळा काढतो. जेथे घाव बसला ती जागा मोडलेल्या डहाळीने खूण करून ठेवण्याची तेथे रीत आहे, कारण शोध तेथूनच आरंभावयाचा असतो.

स्वीडनमध्ये ही रीत कायद्यात उतरली आहे. तेथील १९८७ च्या शिकार-कायद्याप्रमाणे शिकारीत जनावर जखमी झाल्यास त्याचा माग काढून त्यास मरणयातनांतून सोडविण्याची तजवीज शिकाऱ्याने लवकरात लवकर केलीच पाहिजे. आणि हरिणादी मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी असा नियम आहे की, शिकविलेला मागकाढू कुत्रा घाव बसल्यापासून दोन तासांच्या आत त्या जागी पोहोचू शकेल अशी व्यवस्था आधीच असली पाहिजे. 'आधीच' हा शब्द येथे मोलाचा आहे. आपल्या हातून चूक घडेल हे गृहीत धरून, तिच्या निस्तरण्याची सोय केल्यावाचून बाणास हात लावावयाचा नाही, असा त्याचा अर्थ होतो. अलीकडे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे ड्रोनही रात्री रानावर फिरवून हरीण शोधतात. अमेरिकेतील काही राज्ये त्यास अनुमती देतात, काही देत नाहीत.

एवढे करूनही पुष्कळ हरिणे सापडत नाहीत. मग शिकाऱ्याने काय करावे? येथून पुढचा प्रश्न विद्येचा नव्हे, मनाचा आहे. काहीजण स्वतःची समजूत घालतात की, ते जगले असेल. हे सर्वस्वी खोटे नव्हे. बाणाचे जुने पाते मांसात गुरफटून बरी झालेली हरिणे पुढे आढळली आहेत. परंतु जे क्वचित घडते त्याचा आधार नित्य घेणे ही आत्मवंचना होय. काहीजण धनुष्यास, वाऱ्यास, सोबत्यास दोष देतात. आणि काहीजण हिशेब स्वतःकडे घेतात. एका परवान्यावर एक हरीण मिळावयाचे असेल तर हाती न आलेले हरीण तेच एक, असे मानून ते त्या वर्षीची शिकार तेथेच थांबवितात. पुढील वर्षी अधिक जवळून आणि अधिक सरावानेच बाण सोडतात. दक्षिण आफ्रिकेच्या शिकारी मुलखात तर रक्त सांडले की दाम द्यावयाचे, जनावर मिळो वा न मिळो, असा रिवाजच आहे. दाम देऊन हरिणाची वेदना कमी होत नाही, हे उघड आहे. पण 'सापडले नाही' म्हणजे 'घडले नाही' नव्हे, एवढे तरी त्याने मान्य होते.

मराठीत अशा दुःखास 'सल' म्हणतात. हा शब्द 'शल्य' याचा वंशज आहे, आणि शल्य म्हणजे बाणाचे अंगात रुतून राहिलेले टोक. हरिणाच्या अंगात जे रुतले त्याचेच नाव शिकाऱ्याच्या मनात जे उरते त्यास मिळाले आहे.

हे सर्व ध्यानात घेऊन आता पुन्हा आदिपर्वाकडे वळू. परीक्षित वयाची साठ वर्षे उलटलेला, थकलेला, भुकेला, तहानेला आहे. तो हरिणाच्या मागावर रानात एकटा खोल आला आहे. आश्रमात शमीक ऋषी दिसतात. राजा आपले नाव सांगून विचारतो की, माझ्या बाणाने विद्ध झालेला मृग हरवला, तो आपण पाहिला काय? ऋषींचे मौनव्रत आहे. ते उत्तर देत नाहीत. राजा धनुष्याच्या टोकाने मेलेला सर्प उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवतो आणि निघून जातो. हरीण सापडत नाही हे शल्य त्याला स्वतःच्या अंगात ठेवता आले नाही. ते त्याने दुसऱ्याच्या अंगावर टाकले, आणि तेही जो उत्तर देऊ शकत नव्हता त्याच्या. राजाचा अपराध बाण अपुरा पडण्यात नाही. तो थांबू शकला नाही, यात आहे. ज्या मौनाशी त्याने त्या क्षणी जुळवून घ्यावयास हवे होते, त्याच मौनाचा त्यास राग आला.

यापुढे दोन ग्रंथांच्या दोन वाटा होतात, आणि त्या मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखविण्याजोग्या आहेत. महाभारतात शापाची वार्ता कळताच राजास स्वतःच्या मृत्यूहून ऋषींच्या अवमानाचे दुःख अधिक होते. तरीही तो एका खांबावर उभारलेल्या महालात, वैद्य, औषधी व मंत्रज्ञ यांच्या पहाऱ्यात स्वतःस कोंडून घेतो. मृत्यू फळातून आत येतोच. पुढे त्याचा पुत्र जनमेजय साऱ्या सर्पकुळास अग्नीत घालू पाहतो. शल्य पुन्हा एकदा दुसऱ्याच्या अंगावर जाते, आणि आस्तिक मध्ये पडतो तेव्हा कोठे ते थांबते. भागवतात हरिणे मागे पडलेली आहेत. राजा समाधिस्थ ऋषींकडे पाणी मागतो. पण तेथे शाप कळल्यावर तो महाल बांधीत नाही. राज्य पुत्राकडे सोपवून गंगेच्या काठी उघड्यावर जाऊन बसतो आणि सात दिवस शुकाचार्यांचे बोलणे ऐकतो. ज्याला एका मौनी पुरुषासमोर क्षणभर गप्प राहवले नाही, तो आता सात दिवस श्रोता होतो. आपल्या गावोगाव होणारे भागवत सप्ताह या ऐकण्याची आठवण आहेत.

शल्य योग्य दारी नेण्याची आणखी दोन उदाहरणे आपल्यापाशी आहेत. आवाजाच्या रोखाने बाण सोडणारा दशरथ त्या आवाजाच्या शोधात नदीकाठी जातो. ज्याला आपण श्रावणबाळ म्हणून ओळखतो त्या मुलाजवळ पोहोचतो, आणि त्याच्या आंधळ्या मातापित्यांपुढे पाणी घेऊन स्वतः उभा राहतो. शाप त्यालाही टळत नाही. पण त्याने तो कोणा तिसऱ्याच्या खांद्यावर टाकलेला नाही. दुसरा जरा नावाचा व्याध. श्रीकृष्णाच्या चरणास हरीण समजून त्याने बाण मारला. जनावर घेण्यासाठी तो जवळ आला आणि काय घडले ते पाहून त्याने पाय धरले. कृष्णाने त्यास धीर दिला. व्याध मागावर शेवटपर्यंत चालत आला, म्हणूनच तो धीर त्याच्यापर्यंत पोहोचू शकला.

राजाच्या त्या पाठलागास महाभारतात एक उपमा दिलेली आहे: आकाशात यज्ञरूप मृगाच्या मागे धावणाऱ्या रुद्राची. ऐतरेय ब्राह्मणात मृगरूप प्रजापती बाणाने विद्ध होऊन आकाशात जातो. तो मृग, त्यास विंधणारा मृगव्याध, आणि तीन कांड्यांचा तो बाण अशी तेथील रचना आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या आपल्या 'ओरायन' ग्रंथात या कथेची सविस्तर चर्चा केली आहे. हिवाळ्यात मृगाच्या पोटातील तीन तारांची ओळ खाली व्याधाकडे रोखलेली दिसते. विद्यार्थ्यांना ती आकृती आपण दाखवितोच. त्या वेळी एवढे अधिक सांगावे की, हा मृग अद्याप पडलेला नाही आणि त्याच्या पाठचा व्याधही अद्याप परतलेला नाही. बाण ज्याचा, माग त्याचा; आणि हरीण न सापडले तरी मागावरून परस्पर दुसऱ्याच्या आश्रमात शिरावयाचे नाही.