गल्ल्यावर पोरं बसली तर? मिशिगनच्या ‘यॅक’ची गोष्ट

लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. माझे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जमतील तेवढे उडवलेत.

समजा, तुमच्या गावातल्या तरुणांच्या कामांसाठी काही लाख रुपये बाजूला ठेवलेत. ते कुठे खर्च करायचे, हे कोण ठरवणार? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: सर, नगरसेवक किंवा ट्रस्टवरचे काका. मुलांना फार तर उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या लावायला बोलावतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हे उलटं करून पाहिलं गेलं, आणि त्याची सुरुवात १९८८ सालची आहे.

केलॉग्ज कॉर्नफ्लेक्स माहितीये ना? त्या कंपनीचे डब्ल्यू. के. केलॉग यांनी १९३० साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीकमध्ये एक फाउंडेशन काढलं. या फाउंडेशनने राज्यातल्या देणगी संस्थांच्या परिषदेला सोबत घेऊन गावोगावच्या कम्युनिटी फाउंडेशन्सपुढे एक ऑफर ठेवली. कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका परिसरातल्या लोकांच्या देणग्या सांभाळून त्याच परिसरासाठी वापरणारी संस्था. ऑफर अशी: तुम्ही २ डॉलर जमवा, आम्ही त्यावर १ डॉलर देऊ, जास्तीत जास्त १० लाख डॉलरपर्यंत. अट मात्र होती. आमच्या पैशांचा तरुणांसाठी कायमचा निधी करायचा, आणि त्यातून कुणाला ग्रँट द्यायची हे तरुणांच्याच समितीने ठरवायचं. या समितीला म्हणतात यूथ अ‍ॅडव्हायझरी कमिटी, थोडक्यात ‘यॅक’.

यातला ‘कायमचा’ हा शब्द मला सगळ्यात भारी वाटतो. आजीची एफडी आठवा. मुद्दल मोडायची नाही, व्याजावर चालवायचं. १० लाख डॉलर नीट गुंतवले आणि वर्षाला साधारण ५ टक्के काढले, तर दरवर्षी ५० हजार डॉलर हातात येतात. म्हणजे ‘यंदा बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणून मोठ्यांना समिती गुंडाळता येत नाही. नुसती समिती नेमली असती, तर दोन फोटो निघाले असते आणि विषय संपला असता.

बरं, ही मुलं करतात काय? आधी आपल्या भागातल्या शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांना काय छळतंय ते विचारतात, बहुतेक वेळा सर्वे करून. मग अर्ज मागवतात, वाचतात, अर्जदारांना प्रश्न विचारतात आणि बसून भांडतात. शेवटचा शिक्का फाउंडेशनच्या बोर्डाचा असतो, चेकही तेच काढतात. त्यामुळे ‘पोरं पैसे घेऊन पिझ्झा खातील’ ही भीती इथे लागू होत नाही. पैसा मुलांच्या खिशात जातच नाही, फक्त निर्णय त्यांच्याकडे असतो.

आणि निर्णयच अवघड असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हातात ५० हजार डॉलर, आलेल्या अर्जांची मागणी १ लाख ४० हजार. शाळेच्या बँडला वाद्यांसाठी १५ हजार हवेत. घर सुटलेल्या मुलांच्या निवाऱ्याला ब्लँकेटं आणि बसपाससाठी ६ हजार. बँडची मुलं तुमच्या वर्गातली, रोज डबा एकत्र खाणारी. निवाऱ्यातल्या मुलांना तुम्ही कधी पाहिलेलंही नाही. आता बोला! मग प्रश्न सुरू होतात. बँडला पालकांकडून पैसे मिळू शकतील का? निवाऱ्याला आपण नाही दिले तर दुसरं कोण देईल? समितीतलाच एखादा बँडमध्ये वाजवत असेल, तर त्याने तसं आधी सांगायचं आणि त्या अर्जावर मत द्यायचं नाही. नंतर ‘नाही’ कळवणारं पत्रही कुणीतरी लिहायचं असतं, कारणासकट. सतरा वर्षांच्या मुलीने मित्राला असं पत्र लिहिणं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

या अनुभवाचा परिणाम पुढे कायद्यातही दिसला. १९९८ साली मिशिगनने १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना ना-नफा संस्थांच्या संचालक मंडळावर बसायची कायदेशीर वाट मोकळी केली.

आता खोट. अशा समितीत येतो कोण? बहुतेकदा मार्कांत पुढे असलेली, बोलण्यात चटपटीत, मीटिंगला सोडायला घरी गाडी असलेली मुलं. शाळेनंतर दुकानात काम करणारा मुलगा संध्याकाळी सहाच्या मीटिंगला येणार कसा? याला दुसरं उत्तर बोस्टन शहराने २०१४ मध्ये दिलं. महापालिकेच्या पैशांतले १० लाख डॉलर बाजूला काढले आणि १२ ते २५ वयाच्या सगळ्यांना मत देऊ दिलं. कल्पना तरुणांच्या, मतदान तरुणांचं. पैसे भांडवली खर्चाचे होते, म्हणजे टिकाऊ वस्तू आणि बांधकामालाच चालणारे. उद्यानाची दुरुस्ती, हायस्कुलांना लॅपटॉप, चित्रं काढायला भिंती अशी कामं निवडून आली. दार सगळ्यांना उघडं, हे छानच. पण मतदानात ज्याची गर्दी मोठी तो जिंकतो. एखाद्या शाळेतल्या चार कर्णबधिर मुलांची गरज तिथे हरेल, समितीत मात्र ती कुणीतरी उचलून धरू शकतं. म्हणून मी समितीच्या बाजूने आहे, फक्त मीटिंगची वेळ आणि बसभाडं बघा बुवा.

‘आपल्याकडे असं आहे का?’ असा प्रश्न तुम्ही विचारणारच. एनएसएस १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास मुलं झाडं लावतात, रस्ते झाडतात. घाम मुलांचा, पण खर्चाचा कागद सरांच्या टेबलावर. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली. तेही सगळ्यांसाठी, खास तरुणांसाठी नाही.

कॉलेजात छोटं काही करायचं असेल, तर सरांना एनएसएसच्या किंवा गॅदरिंगच्या पैशातले १० हजार मागा, फक्त ठरवण्यापुरते. १८ च्या आतल्या मुलांना कायद्याने करार करता येत नाही, त्यामुळे पैसे कॉलेजच्या खात्यातच राहू द्या. आणि बाहेर लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर पावतीपुस्तक छापायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीचं विचारून या. गणपती मंडळातल्या कुठल्याही जुन्या दादाला विचारा, तो खिडकी नंबरसुद्धा सांगेल.