वस्तादाचे पोट आणि शिष्याचा दम



गेल्या श्रावणात एका गावी व्याख्यानासाठी मुक्काम होता. पहाटे सडकेने वीस-बावीस पोरे धावताना दिसली. पोलीस भरतीची तयारी चालली होती. त्यांच्यामागे सायकलवर एक निवृत्त व्यायामशिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, अन् पोट चांगलेच सुटलेले. चहाच्या टपरीवरून कोणी ओरडले, "गुरुजी, आधी आपलं पोट आत घ्या, मग पोरांना पळवा!" मंडळी हसली. पुढे कळले की, याच हसण्यापायी चार पोरांनी गुरुजींना सोडून तालुक्याच्या जिममध्ये नाव घातले होते. तिथल्या तरुण शिक्षकाचे दंड म्हणे पाहत राहावे असे!

आता प्रश्न असा की, व्यायाम शिकवणाऱ्याने स्वतः पिळदार दिसले पाहिजे काय?

टपरीवरच्या मंडळींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मूल ऐकून शिकते त्याहून अधिक पाहून शिकते. परंतु सुदृढ दिसणे, सुदृढ असणे आणि दुसऱ्याला सुदृढ करता येणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीवरून उरलेल्या दोन्ही ताडतो, तिथे फसतो.

पहिल्या दोहोंतला फरक पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मोठ्या गमतीने दाखवला. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगाने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांत मधुमेह का आढळतो, याचे एक कारण यात आहे. दिसतं तसं नसतं, ते असे.

आता तिसरी गोष्ट, शिकवण्याची. क्रिकेटचे रमाकांत आचरेकर सर घ्या. प्रथम श्रेणीचा सामना ते स्वतः एकच खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर घडवला आणि १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या तालमीतले वस्तादही पाहा. कुस्ती सुटते, गुडघा जातो, खुराकाची सवय मात्र राहते आणि अंग सुटते. तरी कट्ट्यावर बसल्या बसल्या, कोणत्या पोराचा पाय कुठे चुकला, हे त्यांना बरोबर दिसते. ती नजर दंडात नसते.

त्या चार पोरांपैकी एक जण तीन महिन्यांनी परत आला. जिममध्ये त्याचे दंड भरले होते, पण सोळाशे मीटर धावताना छाती भरून येई. धावण्याला हवा असतो दम, म्हणजे हृदय अन् फुप्फुसांची ताकद. वरचे भरलेले अंग तिथे ओझेच होते. शिवाय त्याला 'लवकर अंग भरेल' म्हणून इंजेक्शनेही दिली होती. मित्रहो, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेली असली स्टेरॉइडे हृदय, यकृत आणि पुरुषत्व यांवर घाला घालतात. गुरुजींनी त्याला पळवले नाही. आधी सरकारी दवाखान्यात नेले. मग वहीत त्याचे नाव पुन्हा लिहून, चालण्यापासून सुरुवात केली.

तेव्हा पालकांनी शिक्षकाचे दंड मोजू नयेत, चार गोष्टी विचाराव्यात. पोराचा आजार, जुनी दुखापत तो विचारतो का? व्यायाम पायरीपायरीने वाढवतो का? सुई अन् पुड्या यांपासून पोरांना दूर ठेवतो का? आणि त्याच्या हाताखालचे सर्वांत अशक्त पोर तीन महिन्यांत किती सुधारले? हुशार पोर कुणाच्याही हाताखाली पळते. गुरूची परीक्षा अशक्त पोरावर होते.

आणि शिक्षकबंधूंनो, यातून आपली सुटका झाली असे मात्र समजू नका. पोट वयाने, आजाराने सुटेल, त्यात लाज नाही. पण गालात तंबाखूचा बार धरून मुलांना दीर्घ श्वास शिकवणे, हे काही खरे नव्हे. झेपेल तेवढे आपण त्यांच्यासमोर करावे. निघताना पाहिले, तर त्या गुरुजींनी सायकल झाडाला टेकवली होती आणि परत आलेल्या त्या पोराबरोबर ते पायी चालत होते.