संदेशात नसलेले अक्षर

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उकलण्यासाठी ब्रिटिश सरकारने ब्लेचली पार्क येथे एक केंद्र चालविले होते. युद्धाच्या उत्तरार्धात तेथील सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी स्त्रिया होत्या. बहुतेकींकडे टंकलेखन, नोंदी व यंत्रे चालविण्याचे काम असे. प्रत्यक्ष उकल करणाऱ्या थोड्याच. मेव्हिस लेव्हर ही त्यांपैकी एक. १९४० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लंडनमधील जर्मन भाषेचे शिक्षण अर्धवट सोडून ती तेथे आली.

इटलीचे आरमार 'एनिग्मा' नावाचे यंत्र वापरीत असे. त्यावरील कळ दाबली की विजेचा प्रवाह फिरत्या चक्रांतून जाऊन निराळ्या वाटेने परततो व दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो. दाबलेल्या अक्षराचा स्वतःचा दिवा मात्र कधीही लागत नाही. वरवर पाहता हा यंत्राचा गुण वाटावा. वस्तुतः तेच त्याचे वैगुण्य होते.

एकदा मेव्हिसच्या हाती एक लांबलचक संदेश आला. त्यात 'एल' हे अक्षर एकदाही आढळेना. असलेली अक्षरे सर्वच पाहतात. तिने नसलेले पाहिले. तिने ताडले की, शत्रूची दिशाभूल करण्यासाठी पोकळ संदेश पाठविण्याचा हुकूम झाला असावा आणि तारायंत्रावरील माणसाने कंटाळून शेवटची एकच कळ, म्हणजे 'एल', दाबीत ठेवली असावी. तर्क खरा ठरला. मूळ मजकूर अक्षरशः हाती आल्यामुळे एका नव्या चक्रातील तारांची जोडणी शोधून काढता आली.

मार्च १९४१ मध्ये नियोजित दिवसास तीन दिवस उरल्याची सूचना देणारा इटालियन संदेश तिने उकलला. पुढील संदेशांवरून आरमाराची हालचाल कळली, आणि २८ व २९ मार्च रोजी ग्रीसनजीक मातापान भूशिराजवळ इटलीची पाच लढाऊ जहाजे बुडाली. सुमारे २,३०० खलाशी प्राणास मुकले, हेही विसरता येत नाही.

गुप्ततेची शपथ असल्याने या स्त्रियांना १९७० नंतरच्या दशकापर्यंत घरच्यांपाशीही यातील काही बोलता आले नाही.

वरच्या वर्गांत याचा एक पाठ घेता येईल. प्रत्येक अक्षराऐवजी दुसरेच अक्षर घालून केलेली एक सांकेतिक ओळ फळ्यावर लिहावी. मजकुरात असणारा एखादा शब्द तिच्याखाली एकेक घर सरकवीत न्यावा. जेथे वर व खाली तेच अक्षर येईल, ती जागा मुलांनी बाद करावी. उरलेल्या जागांतून खरी जागा त्यांना शोधू द्यावी.